‘व’चा झाला ‘ब’

मुकुंद कळंबे वकिलांना निवांत बसलेलं पांढुर्ण्यात कोणी पाहिलेलं नाही. चहा मागवतात, अर्धा पितात आणि उठतात. उरलेला अर्धा दुसऱ्या टपरीवर. कोर्टाची पेशी, म्हणजे तारीख, पांढुर्ण्याला असली की यांचा जीव सौंसरला, आणि सौंसरला असली की पांढुर्ण्याला. गाडीला कुलूप लावून कोर्टात शिरतात आणि कुलूप लावलं का ते बघायला परत बाहेर येतात. विजयाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, शाळेत मराठीच्या शिक्षिका आहेत आणि त्यांची जीभ जरा तिखट आहे. त्या म्हणतात, यांच्या कुंडलीत गुरू-शनी काही नाहीत, नुसती छिंदवाडा-नागपूर बस आहे.

धंदा म्हणाल तर पालिकेचा वकील. पालिका दोन्ही गावांत आहे, कोर्टही दोन्ही गावांत आहे. यातली कोणती ते विचारू नये, सांगून कोणाचं भलं होणार नाही. नगराध्यक्ष आले आणि गेले, सीएमओ, म्हणजे पालिकेचे मुख्याधिकारी, बदलून आले आणि बदली करून गेले, मुकुंदराव मात्र जुन्या खांबासारखे तिथेच. सरकारी वकील म्हटलं की लोक जरा वचकून असतात. पालिकेच्या वकिलाला कुत्रंही वचकत नाही. गावात प्रत्येकाच्या दारासमोर नाली असते, ती तुंबलेली असते, आणि ती मुकुंदरावांनीच रात्री येऊन तुंबवली अशी लोकांची खात्री असते. लग्नाच्या पंगतीत वाढपी भाजीची बादली घेऊन समोर उभा राहतो आणि वाढायच्या आधी विचारतो, “वकीलसाहेब, आमच्या गल्लीतला पाईप कधी टाकून राहिले?” उत्तर बरं आलं तर भाजी, नाही तर नुसता रस्सा.

यात आणखी भर म्हणजे विजयाबाईंचं माहेर सावरगावचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रिवाजानं दोन गावं एकमेकांवर दगड फेकतात, तेव्हा जाम नदीच्या एका काठावर आपले आणि दुसऱ्या काठावर सासरचे. दोन्हीकडचे दगड अंगावर घ्यायची सवय त्यांना काळा कोट चढवायच्या आधीपासूनच होती.

तरी एका गोष्टीची सवय त्यांना कधी झाली नाही. इतर वकिलांना अशील असतो. तो घरी येतो, रडतो, पाया पडतो, जिंकला तर पेढे आणतो. पालिका रडत नाही. पालिका पाया पडत नाही. समोरच्या बाजूला मात्र दर वेळी हाडामांसाचा माणूस उभा असतो, आणि बहुतेक वेळा तो ओळखीचा निघतो. मुकुंदरावांची निम्मी अस्वस्थता इथून येत होती, असं आपलं एक मत आहे. उरलेली निम्मी देवकाबाईंच्या दाव्यातून आली.

वस्तीच्या कडेला, नाल्याला लागून, एक लांबोडकी जागा होती. तिथे देवकाबाईंचा सासरा संत्र्यांसाठी लाकडी पेट्या ठोकायचा, मग नवरा ठोकू लागला. नवऱ्याचं नाव दादाजी. तो गेल्यावर बाईनं हातोडी स्वतःच्या हातात घेतली. बाजारात प्लास्टिकची क्रेटं आली तरी दोन-चार व्यापारी अजून लाकडाच्याच पेट्या मागत, आणि बहाराच्या दिवसांत त्या जागेत पाट्यांचे आणि तणसाचे ढीग लागत. ढिगांच्या मागे टिनाचं छप्पर, छपराखाली चूल आणि खाट. बाईचं सगळं जग तेवढंच.

पालिकेला त्या जागेतून नव्या भाजीबाजाराकडे रुंद रस्ता काढायचा होता. पालिकेनं नोटीस दिली, बाईनं पालिकेवर दावा ठोकला की मला हटवू नये. आता खरी गोष्ट अशी होती की जागेच्या एका कडेनं एक पायवाट जात होती आणि बाकीच्या जागेत पेट्या होत्या. पण कोर्टात मधली गोष्ट कोणी लिहीत नाही. पालिकेनं लिहिलं की सगळी जागा रस्ताच आहे. देवकाबाईंचा वकील योगेश. त्यानं लिहिलं की तिथे रस्ता नावाची वस्तू कधी नव्हतीच, सगळा कब्जा बाईचा. बाईनं अंगठा दिला. काय लिहिलं आहे ते हिंदीत होतं आणि योगेश घाईत होता.

संत्र्याच्या आंबिया बहाराचा माल निघत होता त्या दिवसांत देवकाबाईंची उलटतपासणी लागली. बाई निळं लुगडं नेसून पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. न्यायाधीश नवीन होते, रीवाकडचे, स्वभावानं सज्जन, मराठीचं अक्षर येत नव्हतं. आपल्या या पट्ट्यात हे रोजचंच आहे. माणूस बोलतो मराठीत, साहेब ऐकतात हिंदीत, आणि बाबू टाईप करतो तो साहेब सांगतील ते.

मुकुंदरावांनी विचारलं, “वहाँ आपके ससुर के समय से क्या है?” त्यांना वाटलं होतं बाई म्हणेल कब्जा आहे, मग आपण म्हणू कागद दाखवा. त्यानंतरचा प्रश्नही त्यांच्या जिभेवर तयार होता, तिथून लोक ये-जा करतात का हा.

देवकाबाई ठासून म्हणाल्या, “सासऱ्यापासून तिथं आमची वहिवाट आहे जी.”

साहेबांनी मान वर केली. “वही बाट है?”

“हाव जी. वहिवाट.”

“पक्का? वही बाट?”

“सांगून त राहिलो जी, वहिवाट आहे म्हनून!” बाई जरा चिडल्याच. हिंदी माणसाला ऐकू कमी येतं की काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

आणि साहेबांनी बाबूला सांगितलं, “लिखिए. यह सही है कि मेरे ससुर के समय से वहाँ वही बाट है.”

वहिवाट म्हणजे जागा वापरात असणं, ताब्यात असणं, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. आणि हिंदीत बाट म्हणजे रस्ता. साहेबांच्या मुलखात वनाला बन म्हणतात, तिथे वाटेची बाट व्हायला कितीसा वेळ लागतो? ‘ध’चा ‘मा’ करायला निदान कोणी तरी मुद्दाम लेखणी उचलावी लागली होती. इथे कोणी काहीच केलं नाही. बाई म्हणाली, जागा आमची आहे. कागदावर आलं, तिथे पहिल्यापासून रस्ता आहे. तिचाच दावा तिच्याच तोंडानं बुडाला.

मुकुंदराव उभेच होते. त्यांना कळलं, त्याच क्षणी कळलं. त्यांनी घसा खाकरला. मग शिकाऊ दिवसांतला धडा आठवला की कबुली हाती लागली की वकिलानं एक शब्दही पुढे विचारू नये. “और कुछ नहीं पूछना,” म्हणाले आणि खाली बसले.

साक्ष वाचून दाखवायची रीत आहे. बाबूनं ती भरभर वाचली. ‘वही बाट’ आलं तेव्हा देवकाबाईंनी जोरानं मान डोलावली. त्यांच्या कानांना त्यांचाच शब्द ऐकू आला होता. कागदावर दोन शब्द होते, कानात एकच. “बराबर लिवलं,” म्हणाल्या आणि अंगठा उमटवला.

बाहेर सीएमओ साहेबांनी मुकुंदरावांच्या पाठीवर थाप मारली. “वाह वकील साहब, बुढ़िया से कबूल करवा लिया!” मुकुंदराव हसले. ते हसू घरी पोचेपर्यंत तोंडावर तसंच चिकटून होतं, आणि पुसायला गेलं तर निघेना.

त्या दिवसापासून माणूस जागेवर राहिला नाही. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यायलेलं, अशी गत. सौंसरच्या पेशीला पांढुर्ण्याची फाईल घेऊन गेले. बोरगावच्या ग्रामपंचायतीच्या एका बैठकीत सल्ला द्यायला बसले आणि सरपंचांचं बोलणं अर्ध्यावर असताना उठून बाहेर जाऊन उभे राहिले. अर्ध्या कपाचा पाव कप झाला.

आधी त्यांना वाटलं, योगेशच्या लक्षात येईल. नक्कल मिळाली की वाचेल, अर्ज देईल, मामला मिटेल, आपल्याला तोंड उघडावंच लागणार नाही. दोन-तीन पेश्या वाट पाहिली. मग एक दिवस टपरीवर त्याला गाठलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “काय रे योगेश, वहिवाट म्हणजे काय?”

योगेश पांढुर्ण्याचाच पोरगा, घरात मराठी, शिकला सगळा हिंदीत. तो म्हणाला, “वही बाट? म्हणजे तोच रस्ता ना सर, पुराना. त्या बाईनंच त बोलून टाकलं. मी डोक्याले हात लावला. तुमचं नशीब जोरावर आहे.”

मुकुंदरावांना हसू आलं आणि लगेच रडू आल्यासारखं झालं. म्हणजे तो शब्द आता या गावात तीनच ठिकाणी जिवंत होता, देवकाबाईंच्या तोंडात, विजयाबाईंच्या शाळेत आणि आपल्या पोटात. आणि पोटातला काही केल्या पचत नव्हता.

त्या संध्याकाळी विजयाबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मुकुंदराव मदतीला बसले आणि सगळं सांगून टाकलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मग सांगून द्या ना कोर्टात.”

“मी पालिकेचा वकील आहे, विजया.”

“मग नका सांगू.”

“अगं पण ती बाई…”

“हे पाहा,” विजयाबाई म्हणाल्या, “सांगायचं त सांगा, नाही त गप राहा. पण तुम्ही मघापासून दाणे सालपटात टाकून राहिले अन् सालपटं दाण्यांत. ते आधी थांबवा.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक युक्ती काढली. मन मारायला माणूस काय काय युक्त्या काढतो! ते गाडी घेऊन त्या जागेवर गेले. म्हटलं, तिथे पायवाट आहेच. ती डोळ्यांनी पाहिली की झालं. शब्द चुकीचा लिहिला गेला असेल, पण लिहिलं ते खोटं कुठे आहे?

देवकाबाई पेटी ठोकत होत्या. तोंडात दोन खिळे धरलेले. ओळखलं त्यांनी लगेच. खिळे हातात घेतले, पदरानं खाट झटकली. “तुमी पालिकेचे वकील ना जी? या, बसा. पानी आनतो.”

“नको, मी असाच आलो होतो.”

“असं कोनी येते काय? मोजाले आले असान.”

तेवढ्यात शाळेतली एक मुलगी सायकल हातात धरून ढिगांच्या कडेनं आली. देवकाबाईंनी पुढे होऊन वाटेतल्या चार पाट्या बाजूला ओढल्या, मुलीला म्हणाल्या, “खिळे पडले आहेत वो बाई, चाक सांभाळ,” आणि परत येऊन पेटीशी बसल्या. मुलगी निघून गेली. त्यात काही विशेष घडलं असं बाईच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं.

मुकुंदरावांनी पायवाट पाहिली. पायवाट होती, चांगली मळलेली होती. मन मात्र शांत झालं नाही, उलट जास्तच पेटलं. लिहिलं ते खरं होतं, पण ते बाईनं म्हटलं नव्हतं. आणि कोर्टात माणूस काय म्हणाला तेच तर लिहायचं असतं. त्यांनी पाणी घेतलं नाही. गाडीला किक मारली ती तीनदा, एवढी नेहमी लागत नाही.

तिथून ते थेट सीएमओंकडे गेले. म्हणाले, साहेब, समझौता करू. पायवाट आहे तेवढी जरा रुंद करून घ्या, बाकी जागा बाईला राहू द्या. सीएमओंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू जिंकलेला पैलवान स्वतःहून पाठ टेकवतो आहे. “टेंडर पूरे रोड का हुआ है, वकील साहब. और जब वो ख़ुद कबूल कर चुकी है, तो समझौता किस बात का?”

बरोबरच होतं. सरळ माणूस होता, त्याला पूर्ण रस्ता हवा होता. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच म्हटलं असतं, एवढंही मुकुंदरावांना कळत होतं. हे सगळ्यांचं बरोबर असणंच त्यांना खात होतं. कोणी एक जण लबाड निघाला असता तर बरं झालं असतं.

अंतिम बहसचा, म्हणजे शेवटच्या युक्तिवादाचा, दिवस आला. सीएमओ मागच्या बाकावर येऊन बसले. मुकुंदराव रात्रभर काही ठरवून आले होते असं समजू नका. ते काहीच ठरवून आले नव्हते. नेहमीप्रमाणे कोट सारखा केला, फाईल उघडली, जागेचं वर्णन सांगितलं, नकाशा दाखवला आणि म्हणाले, “अब वादिनी का कथन देखा जाए.” कागद वर धरला आणि वाचायला लागले, “यह सही है कि मेरे ससुर के समय से वहाँ वहिवाट है.”

साहेब थांबले. “क्या पढ़ा आपने?”

मुकुंदरावांनी पुन्हा वाचलं. पुन्हा वहिवाट. कागदावर ढळढळीत ‘ब’ होता, पण जीभ त्या ‘ब’वर जाईना. पन्नाशी ओलांडलेली मराठी जीभ, जन्मभर ज्या शब्दानं शेताचे, बांधाचे, धुऱ्याचे तंटे ऐकले, तो शब्द तिला मोडताच येईना. तिसऱ्यांदा प्रयत्न केला आणि मग कागद खाली ठेवला.

“साहब,” ते म्हणाले, “यहाँ ग़लत लिखा गया है. उसने वही बाट नहीं कहा था. वहिवाट कहा था. मराठी में उसका मतलब कब्ज़ा होता है, उपयोग होता है. मुझे उसी दिन समझ में आ गया था.”

साहेबांनी चष्मा काढला. “वकील साहब, आप प्रतिवादी की तरफ़ से हैं न?”

“जी.”

मागे कोणी तरी खुदकन हसलं. योगेश आ वासून पाहत होता. सीएमओ उठले आणि बाकावर हात आपटून बाहेर गेले. जाता जाता एवढंच ऐकू आलं की उद्यापासून दुसरा वकील बघतो. साहेब मात्र सज्जनच होते. त्यांनी बराच वेळ तो कागद वाचला, ओठांनी तो शब्द स्वतःशी दोन-तीनदा म्हणून पाहिला आणि आदेश दिला की साक्षीदाराला परत बोलवा.

त्या दिवशी मुकुंदरावांनी टपरीवर पूर्ण कप चहा प्यायला. त्यांना हलकं वाटत होतं. काम जाईल तर जाऊ दे, विजयाबाईंचा पगार आहे, आपलं घर आहे, आणि तुंबलेल्या नाल्यांच्या शिव्या तरी थांबतील. आठवडाभर ते माणसासारखे जेवले. आपण चांगलं काम केलं असं ज्याला वाटतं त्याला भूक फार लागते.

दुसरा वकील एवढ्या लवकर मिळाला नाही. त्यामुळे देवकाबाई परत पिंजऱ्यात आल्या तेव्हा पालिकेतर्फे मुकुंदरावच उभे होते, आणि सीएमओ मागे हाताची घडी घालून बसलेले. साहेबांनी सावकाश विचारून घेतलं, अर्थ समजून घेतला. ‘वही बाट’ खोडलं गेलं, ‘कब्ज़ा’ लिहिलं गेलं. बाईला एवढंच समजलं की काही तरी चुकलं होतं ते आता सुधारलं. त्या मुकुंदरावांकडे पाहून हसल्या.

मग साहेब म्हणाले, “प्रतिवादी कुछ पूछना चाहेंगे?”

पूर्वी जो प्रश्न विचारायची गरजच उरली नव्हती, तो आता समोर येऊन उभा राहिला. नाही विचारला तर? पालिकेच्या हातातली कबुली आपण काढून घेतली, ती खोटी होती म्हणून. आता खरा प्रश्नही गिळायचा, तर मग आपण वकील कोणाचे आणि खरेपणा कसला? पालिकेला न्याय लावायचा आणि बाईला दया, असं ते करू शकत नव्हते. पण मनातून, अगदी आतून, त्यांना वाटत होतं की बाईनं नाही म्हणावं. एक शब्द. नाही. योगेशनं तिला तेवढं शिकवलं असेल. मघाशीच दोघं कोपऱ्यात बोलत होती. सायकलवाली मुलगी डोळ्यांनी पाहिलेला हा माणूस देवाकडे एका खोट्या शब्दाची भीक मागत होता.

“देवकाबाई,” त्यांनी मराठीतच विचारलं, “त्या जागेतून लोक ये-जा करतात का?”

“कोनते लोक जी?”

“कोणतेही. वस्तीतले.”

योगेश खोकला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग मुकुंदरावांकडे पाहिलं, आणि असा कसा खुळा प्रश्न विचारता, अशा सुरात म्हणाल्या, “जातेत ना जी. पोरं शाळेत जातेत, बाया दळन घेऊन जातेत, कवडूची बैलबंडी जाते. मी कोनाले नाही म्हनतलं? वहिवाट माही आहे. वाट त साऱ्यायची आहे.”

“क्या कह रही हैं?” साहेबांनी मुकुंदरावांनाच विचारलं. आता या दोन शब्दांच्या बाबतीत साहेबांचा विश्वास फक्त त्यांच्यावर होता.

योगेशनं तोंड फिरवलं. मुकुंदरावांनी एकदा वर छताकडे पाहिलं. मग शब्दाला शब्द ठेवून सांगितलं, काही घातलं नाही, काही गाळलं नाही. “लोग आते-जाते हैं. मैंने किसी को मना नहीं किया. कब्ज़ा मेरा है. रास्ता सबका है.”

बाबूनं टाईप केलं. वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, “आता बराबर.”

दाव्यात तर लिहिलेलं होतं की तिथे रस्ता कधी नव्हताच, आणि आता बाईच्याच तोंडून तो दावा खोटा ठरला होता. बाहेर सीएमओंनी मुकुंदरावांना मिठी मारली. “उस दिन हम समझे ही नहीं, वकील साहब! काग़ज़ की कच्ची बात हटाकर पक्की बात निकलवा ली. मान गए!” दुसरा वकील बघायची गोष्ट तिथेच मिटली. चार लोकांनी अभिनंदन केलं. गावात बोललं जाऊ लागलं की कळंबे वकील दिसतो साधा, पण आहे पोचलेला. मुकुंदराव हे सगळं ऐकत होते आणि त्यांना कुठे तरी पळून जावंसं वाटत होतं. पण पळून जायचं म्हणजे सौंसरपर्यंतच, आणि तिथे तर दुपारी पेशी होती.

निकाल मृग बहाराचा माल संपत आला तेव्हा लागला. साहेबांनी तो हिंदीत, नेहमीच्या संथ आवाजात वाचला. दावा खारीज. योगेशला दुसऱ्या कोर्टात पुकारा झाला होता, तो बाईला “अपील करू” एवढं म्हणून धावत गेला. मुकुंदराव मागच्या जिन्यानं निघाले होते, पण बाई खालीच उभ्या होत्या.

“काय झालं जी वकीलसाहेब? खारीज म्हनजे आपलं गेलं का त्यायचं?”

‘आपलं’ हा शब्द मुकुंदरावांना फार लागला. कोर्टाच्या आवारात तिला समजेल असं सांगणारा माणूस एकच होता, आणि तो समोरच्या पक्षाचा होता. ते म्हणाले, “तुमचं गेलं, बाई. पालिका आता तिथं रस्ता करेल.”

बाईंनी लुगड्याचा पदर दोन्ही हातांत धरला. मग विचारलं, “पन शब्द त तुमी बराबर करून देल्ला होता ना?”

“दिला होता. पण नंतर तुम्ही म्हणालात, लोक तिथून जातात. त्यावर गेलं.”

“अन् मी नाही म्हनतलं असतं त?”

खोटं सांगता आलं असतं. तिला बरं वाटावं म्हणून सांगायला हवं होतं की तरीही गेलंच असतं. त्यांच्यानं ते झालं नाही. “मग राहिली असती जागा,” ते म्हणाले. “बहुतेक राहिली असती.”

देवकाबाई विचारात पडल्या. हरलेल्या माणसाचा तो विचार नव्हता. हिशेब कुठे चुकला ते त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि हा शिकलेला माणूस सांगेल असं त्यांना वाटत होतं. त्यांनी मुकुंदरावांकडे मान वर करून पाहिलं.

“मी नाही म्हनतलं असतं,” त्या म्हणाल्या, “मंग लोकायनं जावं कुठून?”